पुलाखालची काळी पट्टी

प्रश्न : महिसागर नदीवरचा गंभीरा पूल पडल्यापासून माझा मुलगा कामावरून घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. तो रोज ज्या जुन्या पुलावरून जातो, त्याच्या खाली कामगार काळ्या कापडाच्या पट्ट्या चिकटवताना दिसले. कापड चिकटवून कुठे पूल मजबूत होतो का? ही नुसती मलमपट्टी तर नाही ना?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, ९ जुलै २०२५ ला सकाळी ती बातमी आली, तेव्हा मीही चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिले होते. वीसहून अधिक माणसं गेली. पुलांच्या दुरुस्तीत माझी सगळी नोकरी झाली, म्हणून तुमची काळजी मला परकी वाटत नाही.

ते कापड म्हणजे कार्बन फायबर. केसाहून बारीक तंतू, इपॉक्सी नावाच्या, सुकून घट्ट होणाऱ्या गोंदात भिजवून चिकटवलेले. ताण सोसण्यात ते साध्या सळईच्या कितीतरी पुढे आहेत आणि वजनाला पोलादाच्या पाचव्या हिश्शाएवढे. गर्डरवरून, म्हणजे पुलाच्या आडव्या तुळईवरून, ट्रक गेला की त्याची खालची बाजू ताणली जाते. तिथे आतल्या सळ्या कमी पडत असतील, तर बाहेरून जोड द्यायचा, एवढंच हे काम. १९९१ साली स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नजवळच्या इबाख पुलावर सिग्नलसाठी भोक पाडताना आतली ताणलेली केबल तुटली. लोखंडी पट्ट्या लावायच्या तर १७५ किलो लागल्या असत्या; कार्बनच्या ६.२ किलोत काम झालं.

पण सगळी मदार चिकटण्यावर असते. काँक्रीट घासून त्याची खडी दिसेपर्यंत साफ करायचं, धूळ ओढून घ्यायची, ओल अजिबात ठेवायची नाही. माझ्या सुरुवातीच्या एका कामात पाऊस तोंडावर आला म्हणून घाई झाली. काँक्रीट वरून कोरडं दिसत होतं, आत ओल होती. महिन्याभराने मी शिडीवर चढून पट्टीवर रुपयाचं नाणं वाजवत गेले. टक्, टक्, टक्, आणि मग एकदम मडक्यावर वाजवल्यासारखा आवाज. तळहाताएवढी पोकळी होती. तेवढी पट्टी कापून उलटी केली, तर तिच्या पाठीला काँक्रीटचा कणसुद्धा नव्हता. चांगली चिकटलेली पट्टी ओढली तर काँक्रीटचा पापुद्रा घेऊनच निघते. ते सगळं काम आम्ही परत केलं, आणि तेव्हापासून माझ्या पर्समध्ये नाणं असतंच.

दुसरी गोष्ट, आत सळ्या गंजत असतील तर वर पट्टी मारून गंज थांबत नाही. गंजलेली सळई फुगते, काँक्रीट फोडते, आणि पट्टी त्या पोपड्यासकट सुटते. आधी सैल काँक्रीट पाडून सळ्या साफ कराव्या लागतात, वरून झिरपणारं पाणी बंद करावं लागतं. गळतीकडे दुर्लक्ष करून कार्बनवर पैसे घालणं मला मुळीच पटत नाही.

आणि प्रत्येक दुखण्याला हे औषध नाही. गंभीराच्या प्राथमिक चौकशीत पेडेस्टल, म्हणजे गर्डर ज्यावर टेकतो तो ठोकळा, आणि सांधा चुरडल्याचं सांगितलं गेलं. अशा जागी गर्डरच्या पोटाला पट्टी लावून काय होणार? तिथे सांधा आणि बेअरिंग, म्हणजे गर्डरखालची टेकणीची गादी, हेच बघायला हवं. शिवाय आगीत इपॉक्सी मऊ पडतं, म्हणून पट्टी निकामी झाली तरी पूल स्वतःचं वजन आणि बरीचशी वाहतूक पेलेल, एवढी ताकद त्याच्यात आधीच असावी लागते. ती नसेल तर पट्टी लावूच नये, तो पूल बंद करावा.

तेव्हा मलमपट्टी म्हणू नका, पण पाणी गळताना किंवा काँक्रीटवर तांबूस ओघळ दिसले तर फोटो काढून लेखी तक्रार जरूर करा. आणि काही दिवसांनी काळ्या पट्ट्या दिसेनाशा झाल्या तर घाबरू नका; उन्हाने इपॉक्सी खराब होऊ नये म्हणून त्यांच्यावर रंग देतात.