लेखनिक नाकारला, पण अर्ज कुठे आहे?

प्रश्न : मी नागपुरात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अपघातानंतर माझ्या उजव्या हाताची बोटे नीट वळत नाहीत. मेयो रुग्णालयाच्या प्रमाणपत्रात 32 टक्के दिव्यांगत्व नोंदले आहे. हिवाळी परीक्षेपूर्वी लेखनिक (मी सांगेन ते उत्तरपत्रिकेत लिहिणारी व्यक्ती) मागायला गेले, तेव्हा महाविद्यालयाने '40 टक्क्यांखाली काही मिळत नाही' असे सांगून परत पाठवले. दोन विषय राहिले. आता फेरपरीक्षा किंवा वाढीव गुण मागता येतील का?

उत्तर : '40 टक्क्यांखाली काही मिळत नाही' हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत इतक्या वेळा असते की ते खिडकीवर छापूनच लावले असावे, अशी शंका येते. ते चुकीचे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 40 टक्क्यांची अट प्रवेशातील आरक्षणासारख्या लाभांना लागते; दिव्यांग व्यक्तीच्या मूळ व्याख्येत टक्केवारीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार यांच्या प्रकरणात लेखनिकासाठी 40 टक्क्यांचा आग्रह धरता येणार नाही असे ठरवले, आणि त्यानंतर 10 ऑगस्ट 2022 रोजी केंद्राने 40 टक्क्यांखालील, पण लिहिताना अडचण येणाऱ्या परीक्षार्थींसाठीच मार्गदर्शक सूचना काढल्या. लेखनिक किंवा ताशी किमान 20 मिनिटे जादा वेळ त्यात होता; 2025 मध्ये केंद्राने त्या सूचनांच्या जागी नव्या काढल्या.

तुमचे प्रकरण अडते ते दुसरीकडे. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात 'विचारले', 'सांगितले', 'परत पाठवले' आहे, पण अर्ज कोठेही नाही. आवक क्रमांक नाही, पोच नाही, लेखी नकारही नाही. महाविद्यालय उद्या 'ही विद्यार्थिनी आमच्याकडे आलीच नव्हती' असे शपथपत्रावर म्हणाले, तर तुमच्याकडे उत्तर काय? अवनी प्रकाश या दिव्यांग विद्यार्थिनीला 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत हक्काचा जादा वेळ नाकारला गेला होता आणि प्रमाणपत्र त्यांच्या हातात होते. तरीही 23 नोव्हेंबर 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही, झालेला अन्याय कसा दूर करता येईल याचा विचार करण्यास परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सांगितले. वाढीव गुण देण्याचे काम न्यायालय सहसा अंगावर घेत नाही. हिवाळी परीक्षेबाबत तक्रार करायची असल्यास जरूर करा, मात्र त्यावर वर्ष पणाला लावू नका.

उन्हाळी परीक्षा अजून हातात आहे. 32 टक्क्यांचे प्रमाणपत्र लेखनिकासाठी पुरत नाही. केंद्राच्या सध्याच्या सूचनांसोबतच्या नमुन्यातील, लिहिण्याच्या अडचणीचे वेगळे प्रमाणपत्र लागते. 2022 च्या सूचनांनुसार ते जिल्हा शल्य चिकित्सक किंवा समकक्ष अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील वैद्यकीय मंडळ देत असे आणि ते जास्तीत जास्त सहाच महिने चालत असे; आता मुदत किती आहे ते विचारा आणि परीक्षेचा शेवटचा पेपर त्या मुदतीत बसतो ना, हे मोजूनच तारीख घ्या. ते जोडून प्राचार्य आणि विद्यापीठाचे परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक, दोघांनाही परीक्षा अर्जाबरोबरच लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. विद्यापीठाचे स्वतःचे परिपत्रक असल्यास त्याची मुदतही पाहा; ती मी येथून सांगू शकत नाही.

लेखी नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. पण त्यांच्या शिफारशीवर कार्यवाहीसाठी कायदा संबंधितांना तीन महिने देतो, आणि तेवढ्यात परीक्षा होऊन जाते. म्हणून वेळ कमी असेल तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करून अंतरिम (अंतिम निकालापूर्वीचा तात्पुरता) आदेश मागावा लागेल. आपल्याकडे तारखांवर तारखा पडतात हे तुम्हाला नव्याने सांगायला नको, तेव्हा वकिलाकडे पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी नव्हे, नकाराच्या दुसऱ्या दिवशी जा, आणि जाताना शिक्का असलेली प्रत सोबत न्या.