तुमचे प्रश्न : सोलापूरचे बारा कधी वाजतात?

प्रश्न : लेकीने फेब्रुवारीत शाळेच्या प्रोजेक्टसाठी गच्चीवर सावलीचं घड्याळ केलं, पुठ्ठा, काडी, रेषा सगळं मापात. पण ते मोबाईलच्या 40 मिनिटं मागे दाखवतं. सर म्हणतात चुकलंय, परत कर. कुठं चुकलं असेल? – एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आधी लेकीला शाबासकी द्या, तिचं घड्याळ बरोबर आहे! ते सोलापूरचा सूर्य दाखवतंय आणि मोबाईल दाखवतो भारताची प्रमाणवेळ, जी 82.5 अंश रेखांशावर धरलीय, म्हणजे पार तिकडं उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळ. आपण 75.9 वर. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात, मग 6.6 अंशांची झाली 26 मिनिटं. अहो अक्कलकोटला सूर्य आपल्या मिनिटभर आधी माथ्यावर येतो आणि पंढरपूरला दोनेक मिनिटं उशिरा, मला तर हे फार भारी वाटतं.

राहिली 14 मिनिटं. पृथ्वीची कक्षा जराशी लंबगोल आणि आस कललेली, त्यामुळं सूर्य वर्षभर एका चालीनं चालत नाही, फेब्रुवारीच्या मध्यावर 14 मिनिटं मागे पडतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला 16 मिनिटं पुढे असतो. म्हणून आपली मध्यान्ह फेब्रुवारीत 12:40 ला, नोव्हेंबरात 12:10 ला. हा हिशोब सरांना वहीत मांडून दाखवा, रेषा अजिबात पुसू नका, शेजारी कुठल्या महिन्यात किती मिनिटं मिळवायची तो तक्ता चिकटवा. फक्त काडी एकदा बघा, ती उत्तरेकडे कललेली आणि पुठ्ठ्याशी साडेसतरा-अठरा अंशात हवी, आपल्या अक्षांशाएवढी. सरळ उभी असेल तर सकाळ-संध्याकाळचे तास चुकणारच.

प्रश्न : दोन डिजिटल घड्याळं कालच मिळवली, तरी एकात 7:59 आणि दुसऱ्यात 8:00. खरं कुठलं? – एक वाचक, बाळीवेस

उत्तर : फरक एका सेकंदाचाही असू शकतो. सेकंद न दाखवणारं घड्याळ मिनिट पुरतं संपेपर्यंत आकडा हलवत नाही, 59 सेकंद होऊन गेले तरी 7:59च. म्हणून आकडा बघू नका, तो बदलतो कधी ते बघा, दोन्ही बदलण्यात जेवढे सेकंद जातील तेवढाच फरक. आणि मिळवताना मोबाईलचं मिनिट बदललं की लगेच बटण दाबा, बऱ्याच घड्याळांत सेकंद तिथनंच शून्यापासून सुरू होतात.