गरोदरपणात मालिश: कुठे दाबावं, कुठे हात आवरावा

प्रश्न: मला सहावा महिना आहे. स्कूटीवरून कोथरूड ते हिंजवडी ये-जा करून कंबर धरते. बाळंतपणानंतर येणारी मालिशवाली बाई आत्तापासूनच लावू, असं सासूबाई म्हणतात. आई म्हणते, मोकळी होईपर्यंत तेलाचा हातच नको. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: दोघींचं अर्धं अर्धं ऐका. मालिश चालेल, पण बाळंतिणीची मालिश नको. त्या बायांचा हात रगडायला तयार झालेला असतो: पोट चोळायचं, पाय ताणायचे, सांधे मोडायचे, वर कढत पाणी आणि शेक. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल पडलेले असतात, झटका दिला की दुखणं वाढतं. पोटावर तर दाब नकोच. बाळ आडवं असेल तर ‘फिरवून देते’ म्हणणाऱ्या बाईला नम्रपणे दारातूनच परत पाठवा. अशा दाबाने वार (प्लॅसेंटा) सुटून रक्तस्राव होऊ शकतो.

पाच महिन्यांनंतर उताणं झोपून मालिश घेऊ नका. गर्भाशयाचा भार पाठीमागच्या मोठ्या नीलेवर येतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, चक्कर येते. डाव्या कुशीवर झोपा, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी, पोटाखाली छोटी उशी. जेवणानंतर तासभर तरी जाऊ द्या. दोन-तीन चमचे खोबरेल किंवा तिळाचं तेल पुरतं. थंडीत खोबरेल गोठतं. वाटी गरम पाण्यात ठेवून ते पातळ करा आणि आधी मनगटावर लावून पाहा.

कमरेपासून खांद्यापर्यंत, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी तळहात वर सरकवायचा. मणक्यावर दाब नाही. मग माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना आणि नितंबावर मूठ ठेवून सावकाश गोल फिरवायची. कंबरदुखीतली खरी गाठ बहुधा तिथेच असते. वीस-पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली. ‘दुखतंय’ म्हटल्यावर हात हलका झालाच पाहिजे. दुखल्याशिवाय गुण येत नाही, ही समजूत इथे कामाची नाही. उठताना आधी कुशीवरूनच बसा आणि तळपाय पुसा. मालिशपेक्षा तेलकट पायांनी न्हाणीघरातल्या फरशीवर घसरण्याचा धोका मोठा. नंतरचं पाणी कोमटच हवं. धुरी आणि स्टीम टाळा.

ताठलेले स्नायू सैल होतात, झोप बरी लागते, हा फायदा खरा आहे, पण तात्पुरता. पोटाचा भार पुढे येऊन कंबरेचा बाक वाढलेला असतो, तो मालिशने जात नाही. त्यासाठी डॉक्टरांनी सुचवलेले व्यायाम हवेत, आणि खड्ड्यांतून स्कूटी बंद केलेली बरी.

पहिल्या तीन महिन्यांत मालिशने गर्भ पडतो असा पुरावा नाही. मात्र गर्भपात मुळातच त्या काळात जास्त होतात, म्हणून बहुतेक जाणकार तेव्हा हात लावत नाहीत. थांबल्याने बिघडत काही नाही. अंगावरून रक्त जात असेल, पाणी जात असेल, वार खाली गर्भाशयाच्या तोंडाशी असेल, ताप असेल, रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त असेल, पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, तर कितव्याही महिन्यात आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: आठव्या महिन्यात संध्याकाळी पाय सुजतात. हे रोज रात्री पोटऱ्या जोर लावून दाबून देतात, बरं वाटतं. चालेल ना?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर: जोर लावून नाही. गरोदरपणात रक्त लवकर गोठतं, शिवाय गर्भाशयाच्या दाबाने पायातलं रक्त संथ वाहतं. पोटरीच्या खोल नीलेत गुठळी झालेली असेल आणि ती दाबाने सुटली, तर फुप्फुसात जाऊन अडकते. ही वेळ क्वचित येते, पण आली तर जिवावर बेतते. म्हणून घोट्यापासून गुडघ्याकडे फक्त तळहाताने हलकं कुरवाळल्यासारखं, एका पायाला पाच मिनिटं. त्याआधी पंधरा-वीस मिनिटं कुशीवर पडून पाय उशीवर ठेवा.

दोन्ही पाय संध्याकाळी सुजून सकाळी उतरत असतील तर ते बहुधा नेहमीचंच. एकच पाय सुजला, गरम लागला, दुखला (बहुतेकदा डावा), तर तेल न लावता त्याच दिवशी दवाखान्यात जा. चेहरा-हात अचानक सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा बरगडीखाली दुखलं, तर लगेच रक्तदाब तपासा.

प्रश्न: कमरेला दुखण्याचं जेल चोळलं तर?

उत्तर: नळीवरचं बारीक अक्षर वाचा. बऱ्याच जेलमध्ये डायक्लोफेनॅक आणि मिथाइल सॅलिसिलेट असतं. ही औषधं, विशेषतः 20 आठवड्यांनंतर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. साधं तेल आणि कोमट पिशवी वापरा.

प्रश्न: पहिलंच बाळंतपण आहे. टाके टाळण्यासाठी योनिमार्गाच्या मालिशबद्दल ऐकलं. खरंच उपयोग होतो?

उत्तर: पहिल्या नैसर्गिक प्रसूतीत टाके पडण्याची शक्यता त्याने थोडी कमी होते. 34-35 आठवड्यांनंतर, आठवड्यातून एक-दोनदा, चार-पाच मिनिटं. रोज केल्याने जास्त गुण येत नाही. नखं कापा, हात धुवा, साधं वनस्पती तेल घ्या. सुगंधी तेल आणि व्हॅसलिन नको. अंगठा तीन-चार सेंटीमीटर आत घालून खाली गुदद्वाराच्या दिशेने आणि बाजूंना, ताण जाणवेल पण दुखणार नाही इतकंच दाबायचं. पोटामुळे हात पोचत नसेल तर एक पाय स्टुलावर ठेवून उभं राहा, किंवा नवऱ्याची मदत घ्या. अंगावरून रक्त जाणं, जंतुसंसर्ग, खाली असलेली वार किंवा पाणमोट फुटलेली असेल तर हे करू नका.