चवथीला उभं राहायचंय, कॅलिपर घ्यावा का?

प्रश्न: ताई, माझे मिस्टर पाडेली, म्हणजे माडावरचे नारळ पाडणारे, गेल्या वर्षी माडावरून पडले, मणका मोडला, ऑपरेशन झालं पण दोन्ही पाय लुळे पडले. रिपोर्टवर एल-१, म्हणजे कमरेचा पहिला मणका, लिहिलंय. हात मजबूत आहेत, व्हीलचेअरवर आपले आपण चढतात. आता कोणी म्हणतं कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायचा आधार, लावा, चालतील, तर दीर म्हणतो ते जुनं झालं आणि मोबाईलवर रोबोटचा सूट दाखवतो. यांचं एकच, गणेशचवथीला आरतीला उभं राहायचंय. काय करू?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: वहिनी, आरतीला उभं राहणं होण्यासारखं आहे, पण आधी दिराचा मोबाईल बाजूला ठेवा. तसल्या एका सूटला, रीवॉकला, अमेरिकेत २०१४ मध्ये घरी वापरायची परवानगी मिळाली, तीसुद्धा शिकवलेला माणूस सोबत हवा या अटीवर, आणि हातात कुबड्या लागतातच. किंमत ऐकलीत तर दीरच गप्प होईल.

एल-१ला मांडीत जोर नसतो, गुडघा दुमडतो, म्हणून मांडीपासून पावलापर्यंतचा लांब कॅलिपर लागतो. गुडघ्याच्या बाजूला कडी असते, पाय सरळ केला की ती खाली सरकते आणि गुडघा लॉक होतो, बसताना परत वर ओढायची. चालायचं म्हणजे दोन्ही कुबड्या पुढे टेकायच्या, हातांवर अंग उचलायचं आणि दोन्ही पाय एकदम पुढे झुलवायचे, म्हणजे सगळी मेहनत खांद्यांची, आणि व्हीलचेअरपेक्षा वेग कितीतरी कमी आणि दमणूक कितीतरी जास्त. म्हणून बरेच जण हौसेनं कॅलिपर करून घेतात आणि नंतर तो कपाटामागे जातो. माझं स्पष्ट मत, कॅलिपर उभं राहायला आणि घरातल्या घरात चार पावलं टाकायला, बाजारात जायला व्हीलचेअरच, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पण लगेच माप द्यायला धावू नका. खूप दिवस झोपून-बसून असलेला माणूस एकदम उभा केला की बीपी पडतं, म्हणून आधी टिल्ट टेबल, म्हणजे माणसाला बांधून हळूहळू उभं करायचं टेबल, मग पॅरलल बारमध्ये, म्हणजे दोन समांतर दांड्यांना धरून, साधे गुडघ्याचे स्प्लिंट (पट्ट्या) बांधून उभं करून बघतात, ते जमलं तरच कॅलिपर. गुडघा किंवा खुबा आखडला असेल तर कॅलिपर बसणारच नाही, तेव्हा रोज थोडा वेळ पालथं झोपवा. हाडं ठिसूळ झालेली असतात, पायांना जाणीव नसते, पडले तर मोडलेलं कळणारही नाही, हे डॉक्टरांना आधी विचारा. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) फिजिओथेरपीत दाखवा, यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं नसेल तर काढा, केंद्राच्या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या एडिप योजनेतून कॅलिपर मिळू शकतो.

आणि आरतीचं म्हणाल तर आपल्याकडच्या घुमट वाजवत म्हणायच्या आरत्या काय लवकर संपतात होय! एक-दोन आरत्या उभ्यानं, बाकीच्या बसून म्हणू देत. गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली ओली फरशी नको, कुबडीचं रबर तिथेच सटकतं. कॅलिपर काढल्यावर दोघांनी मिळून मांडी, घोटा, टाच बघायची, लाली अर्ध्या तासात गेली नाही तर बरी होईपर्यंत परत लावायचा नाही. आपल्या दमट हवेत आत सुती मोजे हवेतच.

प्रश्न: घरी काकांचा जुना पोलिओचा कॅलिपर आहे, भाच्याच्या पायांतला जोर आणि स्पर्श अपघातात गेलाय, त्याला चालेल?
– एक वाचक, पेडणे

उत्तर: नको. कॅलिपर ज्याच्या मापाचा त्याचाच. शिवाय पोलिओत स्पर्श कळतो, टोचलं तर काका लगेच सांगायचे, भाच्याला जखम होईपर्यंत पत्ता लागणार नाही. काकांची व्हीलचेअर असेल तर ती मात्र सीटची रुंदी बघून, चांगली जाड कुशन टाकून वापरून बघा.