पहिलीच गाडी आणि वॅगनआर घेतोयस? मग हे वाच

भावा, दिसायला डबा आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांचं ऐकू नकोस, त्या चौकोनी आकारातच सगळा फायदा आहे. छप्पर उंच, सीट उंच, आईवडिलांना गुडघे न वाकवता सरळ बसता येतं, आणि काचा मोठ्या असल्यामुळे नवशिक्याला गाडीचे कोपरे लगेच कळतात. 2019 पासूनच्या मॉडेलला डिकी 341 लिटर, मागची सीट अर्धी पाडली की अजून जागा. पण सीएनजी घेतलीस तर ती डिकी टाकीच खाते, सामान मांडीवर येतं, हे आधीच घरी सांगून ठेव.

रोजचं रनिंग कमी असेल तर माझं मत सरळ 1.2 लिटर इंजिनवाली पेट्रोल. 1.0 लिटरवाली शहरात मस्त चालते, पण पाच माणसं घेऊन खंबाटकी चढायची तर एसी चालू असताना दम लागतो आणि सारखा गिअर खाली टाकावा लागतो. एएमटी (क्लच नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) असेल तर घाटात मॅन्युअल मोड वापर. हायवेला 80-90 च्या वर नको रे, हलकी आणि उंच गाडी आहे, आडवा वारा जाणवतो, शिवाय 2023 च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी हिला पाचपैकी एकच स्टार मिळालाय, म्हणून मागच्यांनाही बेल्ट लावायलाच लाव.