सडवा आंबट होतो तो कशामुळे?

प्रश्न : मोहफुलांचा सडवा (पाण्यात आंबवलेली फुले) मडक्यात जास्त दिवस उघडा राहिला की त्याला नाकाला झोंबणारा आंबट वास येतो. इथेनॉलपासून इथेनॉइक आम्ल होण्याची पुस्तकातील अभिक्रिया ती हीच का? मग सर्वच अल्कोहोलांपासून आम्ल का मिळत नाही?
– बारावीची एक विद्यार्थिनी, अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया

उत्तर : आपला तर्क बरोबर आहे. फुलांतील साखरेपासून यीस्ट इथेनॉल बनवते आणि हवा मिळाली की अॅसिटोबॅक्टरसारखे जीवाणू त्याचे ऑक्सिडीकरण करून इथेनॉइक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, तयार करतात. प्रयोगशाळेत हे काम आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेट करते, तेव्हा नारिंगी द्रावण हिरवे होते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या कार्बनला हायड्रॉक्सिल (-OH) गट जोडलेला असतो, त्या कार्बनवरील हायड्रोजनच्या संख्येत आहे. ऑक्सिडीकरणात एक हायड्रोजन हायड्रॉक्सिल गटातून आणि एक त्या कार्बनवरून निघतो व कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध तयार होतो. इथेनॉलमध्ये त्या कार्बनवर दोन हायड्रोजन असल्याने आधी इथेनॅल बनते आणि उरलेल्या हायड्रोजनमुळे अभिक्रिया पुढे आम्लापर्यंत जाते. प्रोपेन-२-ऑलमध्ये असा हायड्रोजन एकच असतो, म्हणून गाडी अॅसिटोनवर थांबते; तर तृतीयक अल्कोहोलात तो नसतोच, त्यामुळे डायक्रोमेटचा रंग नारिंगीच राहतो.

इथेनॅलच हवे असेल तर ते तयार होताच ऊर्ध्वपातनाने बाहेर काढावे लागते, आणि परीक्षेत नेमके हेच लिहायचे राहून जाते. इथेनॉलच्या रेणूंना हायड्रोजन बंध धरून ठेवतात, म्हणून ते ७८ अंश सेल्सिअसला उकळते. इथेनॅलच्या रेणूंमध्ये आपसांत असे बंध नसल्याने ते सुमारे २० अंशालाच उकळते.

भेसळीच्या दारूतील मिथेनॉल याच वाटेने घातक ठरते. यकृतातील विकरांमुळे (एन्झाइममुळे) त्यापासून मिथेनॅल आणि मग मिथेनॉइक आम्ल बनते, जे दृष्टिचेतेला इजा करते. यकृतातील तेच विकर इथेनॉलला अधिक पसंती देत असल्याने विषबाधेच्या रुग्णाला वैद्यकीय देखरेखीखाली इथेनॉल देण्याची पद्धत आहे. फोमेपिझोल हे औषधही त्या विकरालाच अडवते.

डायक्रोमेटमधील क्रोमियम कर्करोगकारक असल्याने शाळेत अल्कधर्मी पोटॅशियम परमँगनेट वापरणे बरे. त्याचा जांभळा रंग जाऊन मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी साका बसतो. मात्र द्रावणात इथेनॉइक आम्लाचा क्षार असल्याने आम्लाचा वास विरल सल्फ्युरिक आम्ल मिसळल्यावरच येतो.