उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे या मूलनिवासी लोकांचा ‘जंगली तांदूळ’ खरंच तांदूळच असतो का? तो कसा काढतात?

नाही, आपल्या भातापेक्षा ही जात वेगळी. सुपीरियर सरोवराच्या परिसरात, उथळ तळ्यांत आपोआप उगवणारं हे गवत. ओजिब्वे त्याला ‘मनूमिन’ म्हणतात. पाण्यावर अन्न उगवतं तिथे थांबा, असं पूर्वजांना सांगितलं गेलं आणि ते पूर्वेकडून इथवर आले, ही त्यांची स्थलांतराची कथा.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये दोघं होडीतून निघतात. एक जण लांब काठीने होडी रेटतो, दुसरा हातातल्या दोन हलक्या दांडक्यांपैकी एकाने ताटं होडीवर वाकवतो आणि दुसऱ्याने लोंब्या हळूच झोडतो. जोरात अजिबात नाही. पिकलेले दाणे तेवढेच होडीत पडतात, काही पाण्यात सांडतात. पुढच्या वर्षीचं बी तेच. मग दाणे वाळवून कढईत भाजायचे, मऊ चामडी जोडे घालून खड्ड्यात तुडवायचे आणि भूर्जाच्या सालीच्या पसरट टोपलीत पाखडायचे. आपल्या सुपासारखंच!

हा त्यांचा हक्कही आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 1837 च्या करारात अमेरिकी सरकारला जमीन देताना त्यांनी शिकार, मासेमारी आणि मनूमिन गोळा करणं राखून ठेवलं. मिनेसोटा राज्याशी झालेल्या खटल्यात 1999 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही ते हक्क मान्य केले.